सतरा नंबरच्या पिंपातला वेल

आमच्या घरात दारूचा वेल वाढत होता आणि त्याला रोज सकाळी मी पाणी घालत होते, हे चारचौघांत सांगताना मी अजूनही आधी दाराकडे बघते. दादा, म्हणजे माझे वडील, जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण वाटतं, ते तिथे उभे असतील, खिशाला बॉलपेन, हातात चष्मा, आणि म्हणतील, "सुमन, घडलं त्या क्रमाने सांग. मधलं मधलं उचलू नको." मधलं मधलं उचलणं ही माझी आयुष्यभराची खोड आहे आणि त्या पावसाळ्यात जो गोंधळ झाला तो बराचसा त्या खोडीपायीच झाला. तेव्हा क्रमाने सांगते.

खोपोलीला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. दादा, आई, मी आणि धाकटा अशोक. दादा कंपनीत फिटर. दोन खोल्या, एक मोरी आणि समोर सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक लांबलचक गॅलरी. आमचं बिऱ्हाड टोकाचं, त्यामुळे गॅलरीचा टोकाचा तुकडा आपला, असं आईने परस्पर ठरवून टाकलं होतं. आई खालापूरच्या पलीकडच्या गावची, शेतावर वाढलेली. लग्न होऊन खोपोलीत आली तेव्हा जिना चढून वर आल्या आल्या तिने दादांना विचारलेला पहिला प्रश्न होता, "माती कुठं हाय?" दादा म्हणाले, "खाली." ती खाली जाऊन बघून आली. खाली सिमेंटचा कोबा होता, कोबा संपतो तिथे कंपनीची हिरवळ होती, आणि हिरवळीत पाटी होती की हिरवळीवर चालू नये. "जिच्यावर चालायचं नाय ती माती कसली," असं म्हणून आईने दुसऱ्या आठवड्यात ग्रीसच्या रिकाम्या डब्यात मेथी पेरली.

मला कळायला लागेपर्यंत गॅलरीचा तुकडा आणि वरची गच्ची मिळून आमची बाग झाली होती. तेलाचे डबे, मधोमध कापलेली पिंपं, बूड गेलेली घमेली, आमच्या आंघोळीची गळकी बालदी, आणि दादांच्या डिपार्टमेंटमधून बाद झालेली हेल्मेटं. हेल्मेटं उलटी टांगून त्यांत कोथिंबीर. दादा यातली प्रत्येक वस्तू रीतसर गेटपास करून आणायचे. "एक फुटके हेल्मेट, कोथिंबिरीकरिता," असा गेटपास फाडून घेणारे ते कंपनीतले एकमेव फिटर असावेत. घरी आणलं की ते त्यावर पिवळ्या रंगाने नंबर टाकत. आई नंबर कधीच वाचत नसे. तिच्या लेखी एक पिंप रडकं होतं, एक थोरलं होतं, आणि एका डब्याला ती लीलाबाय म्हणायची, कारण त्यातली मिरची फार तिखट होती. खरी लीलाबाई खालच्या मजल्यावर आमच्या बरोब्बर खाली राहायची. सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा झाला की नळाला पाणी येई, मग आम्ही तांब्या तांब्याने बाग शिंपायचो आणि खालून हाक यायची, "सोनाबाय, तुमचा पडवळ माज्या पातळावर मुतला गं." की आई मूठभर मिरच्या फडक्यात बांधून दोरीने खाली सोडायची. घाटाकडून मालगाडीला मागून लावलेल्या इंजिनांची धाप ऐकू यायची, आणि तिच्या तालावर लीलाबाई मिरच्या मोजून घ्यायची.

माती मात्र मामाच्या बांधावरून यायची. आई माहेरी जाताना रिकामी पिशवी न्यायची आणि येताना भरलेली आणायची. एकदा एसटीच्या कंडक्टरने ती उचलून बघितली.

"बाई, काय दगडं भरलीत?"

"माती हाय."

"खोपोलीत माती मिळत नाय व्हय?"

"मिळते. पर वळखीची नाय," आई म्हणाली. कंडक्टरने पिशवीचं लगेजचं तिकीट फाडलं.

आता दादांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दादांचे वडील दारूपायी गेले. हे एवढंच वाक्य त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, आणि तेही असं, जसं काही ते दुसऱ्याच कुणाच्या वडिलांबद्दल बोलताहेत. दीक्षा घेतली तेव्हा दादा ऐन तरुण होते. बावीस प्रतिज्ञांमधली दारूची प्रतिज्ञा त्यांनी एकदा स्वतःसाठी घेतली आणि बहुतेक एकदा बापासाठीही घेतली असावी, कारण ती ते दोन माणसांची असल्यासारखी पाळायचे. खोकल्याच्या औषधाची बाटली उघडून आधी हुंगत. क्वार्टर्सच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आमचं विहार होतं. दादा तिथले सेक्रेटरी, आणि रविवारी सकाळी वंदना त्यांनीच घ्यायची. ते पुढे म्हणायचे, आम्ही मागून. पहिली चार शीलं ते साध्या आवाजात देत. पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं, आलं की त्यांचा आवाज असा चढायचा की पाण्याच्या टाकीवर बसलेली कबुतरं उठायची. सी टाइप क्वार्टर्समधले दोघेतिघे, ज्यांची शनिवारची संध्याकाळ जरा लांबलेली असे, ते त्या वेळी मान खाली घालून चटईच्या काड्या मोजत.

अशा माणसाच्या घरी तो वेल आला. कंपनीत नवं मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता आणि दादा त्याच्या हाताखाली होते. त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच धड घेता येत नसे. तो दारातून वाकून यायचा म्हणून आई त्याला लांब सायब म्हणायची. मशीन पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी त्याने खुशीने दादांपुढे बाटली धरली. दादांनी हात जोडून नको म्हटलं. त्याने कारण विचारलं, दादांनी सांगितलं, आणि साहेब इतका वरमला की पुढचं दीड वर्ष दादा दिसले की तो लिंबूसरबत मागवायचा. जाताना त्याने गेस्ट हाऊसच्या मागे ठेवलेलं एक पिंप दादांना दिलं. त्यात एक काटकुळा वेल होता. त्याच्या आईने घरामागच्या कुंपणातून मूळ उपटून पार्सलने पाठवलं होतं म्हणे. दादांनी विचारलं, याला काय येतं? साहेब लालबुंद झाला, थोडा वेळ वेलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पानं." दादांनी गेटपास केला, घरी आणून नंबर टाकला. सतरा.

सतरा नंबर पहिलं वर्षभर रुसून बसला. उन्हाळ्यात तर आईने त्याच्या कडेने पुदिना लावूनही टाकला होता. पण दुसरा पावसाळा सुरू झाला आणि त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, सकाळी दोरीला एक वेढा दिसायचा, दुसऱ्या सकाळी तीन. पानं हाताला खरखरीत, देठाला बारीक आकडे, कपडे वाळत घालताना बाहीला धरून ठेवायचा. आईने त्याच्यात एक खोट काढली होती. आमचा वाल, घेवडा, चवळी, सगळे दोरीला एका बाजूने वेढे घेत. हा बरोब्बर उलट्या बाजूने. आईला ते बघवेना. सकाळी उठून ती त्याचा शेंडा सोडवायची, बाकीच्यांसारखा नीट गुंडाळून द्यायची, आणि संध्याकाळपर्यंत तो आपले वेढे उलगडून पुन्हा आपल्या बाजूने निघालेला असायचा. आठ दिवस हे चाललं. शेवटी आई म्हणाली, "परक्या देशातला हाय, त्याला वाटत असंल आपणच उलटं हावो."

मग तो इतका बोकाळला की आईने त्याची मुळं फोडून आणखी चार पिंपं भरली आणि शेंडे खुडायला लागली. आमच्याकडे पावसाळ्यात कोवळा शेंडा दिसला की तो खाता येतो का, हे बघितल्याशिवाय बायकांना चैन पडत नाही. टाकळा, कुरडू, भारंगी, भोपळ्याचे शेंडे, सगळं असंच कुणीतरी पहिल्यांदा खाऊन बघितलेलं. आईच्या गावची रीत अशी की नवा पाला आधी ओठाच्या आत चोळायचा आणि दुपारपर्यंत वाट बघायची. आईने चोळला. दुपारपर्यंत तिला काही झालं नाही. मग तिने लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ आणि वरून मूठभर भाजलेला जवळा घालून भाजी केली. किंचित कडसर, पण तांदळाच्या भाकरीबरोबर अशी लागायची की अशोक, ज्याला पालेभाजी म्हणजे शिक्षा वाटायची, तो कढई पुसून घ्यायचा. लीलाबाईला वाटीभर गेली. दुसऱ्या दिवशी तिने पातळाबद्दल तक्रार केली नाही. आठवड्याभरात पूर्ण बिल्डिंगमध्ये लांब सायबाची भाजी प्रसिद्ध झाली, आणि आषाढी पौर्णिमेला विहारात जेवण होतं तेव्हा बायकांनी एकमताने ठरवलं की भाजी सोनाबाईच्या पिंपांतली. डाळ भरपूर घालून ती पुरवली. झाडून सगळे जेवले. दादांनी सेक्रेटरी म्हणून आभार मानले आणि भाषणात सात्त्विक आहार असे शब्द वापरले. ते शब्द त्यांना नंतर फार टोचले.

आता माझा प्रवेश. मी त्या वर्षी कॉलेजात अकरावी सायन्सला गेले होते. घरातली पहिलीच. त्यामुळे मी जमिनीपासून दोन बोटं वर चालत असे. आईने लसूण सोलायला सांगितलं तर मी तिला लसणाचं कूळ सांगायचे, आणि ती म्हणायची, "कूळ नको, पाकळ्या दे." एके दिवशी मी सतरा नंबरचा एक तुकडा वहीत घालून बॉटनीच्या सरांकडे नेला. सरांनी पानं उलटसुलट बघितली, देठावरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "वेढे कोणत्या बाजूने घेतो?" मी हाताने दाखवलं. सरांचे डोळेच चमकले. कपाटातून जाड पुस्तक काढलं, चित्र दाखवलं आणि सांगायला लागले. हा हॉप्स. थंड देशातला. बियर करताना याची फुलं घालतात. मी तिथेच थांबले. म्हणजे ऐकायची थांबले. सर पुढे बरंच काही बोलत होते, पण माझ्या डोक्यात घरी जाऊन हे कसं सांगायचं याची तालीम सुरू झाली होती. मी "थँक यू सर" म्हटलं आणि पळत सुटले.

घरी आले तेव्हा दादा पहिल्या पाळीवरून येऊन नुकतेच जेवायला बसले होते. ताटात तीच भाजी. मी दप्तर न उतरवता उभ्या उभ्या त्या वेलाचं लॅटिन नाव म्हणून दाखवलं.

"म्हंजे काय गं?" आई म्हणाली.

"आपल्या सतरा नंबरचं नाव."

"मग त्याचं काय व्हतं?"

"बियर."

"ती काय अस्ती?"

"दारू," मी म्हणाले. मला अजून आठवतं, मी हे हसत हसत सांगितलं. परीक्षेत पहिली आल्यासारखी.

दादांचा घास तोंडात होता. ते चावायचे थांबले. अन्न थुंकणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. पानात शीत राहिलं तरी ते आम्हाला उठू देत नसत. आणि गिळणं आता त्याहून अवघड झालं होतं. गाल फुगवून ते भिंतीकडे बघत बसले. अशोकला हसू फुटलं, आईने त्याला कोपराने ढोसलं. बाहेर हेल्मेटांतून पाणी ठिबकत होतं. शेवटी दादांनी तांब्या उचलला, डोळे मिटले आणि पाण्याबरोबर घास गिळला. मग ताट पुढे सरकवलं. ताटात भाजी तशीच होती. माझ्या जन्मात त्यांनी ताटात टाकलेलं ते पहिलं अन्न.

"आतापर्यंत खाल्लं ते न कळता," ते हळू म्हणाले. "हा शेवटचा घास कळून."

त्यानंतर त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं नाही, ओरडले नाहीत, वेल उपटला नाही. त्यांनी त्याहून भयंकर गोष्ट केली. टेबलाशी बसून अर्ज लिहायला घेतला. विहाराच्या अध्यक्षांस, विषय: सेक्रेटरीपदाचा राजीनामा व वंदना घेण्यास अपात्र ठरवण्याबाबत. त्यात सगळं क्रमाने होतं. पिंप कसं आलं, भाजी किती वेळा झाली, पौर्णिमेला किती माणसं जेवली, आणि खाली वेगळ्या परिच्छेदात, "तसेच एक घास मी जाणूनबुजून गिळला." पुढच्या रविवारी हे सगळ्यांसमोर वाचायचं त्यांनी ठरवलं.

बिल्डिंगमध्ये कुठलीही गोष्ट भिंतीतून जात असे. संध्याकाळच्या आत लीलाबाई आणि चारपाच जणी वर आल्या.

"भावजी, अर्ज वाचू नका," लीलाबाई म्हणाली. "तुमी खाल्ली ती खाल्ली. मी पौर्णिमेला दोनदा घेतली हाय. उद्या माज्या सासरची विचारतील, तर मी काय सांगू?"

"तुम्ही न कळता घेतली," दादा म्हणाले.

"दुसऱ्यांदा तर मागून घेतली ना."

"तरी न कळता."

"मग ऱ्हाऊ द्या की तसंच न कळता. वाचून दाखवलं म्हंजे कळंल ना सगळ्यांना."

दादांना यातलं तर्कशास्त्र मान्य झालं नाही. त्यापाठोपाठ सी टाइपमधल्या त्या मंडळींपैकी दोघे आले. आजवर त्यांनी आमच्या बागेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता ते सतरा नंबरशी उकिडवे बसले, पानं चुरगळून हुंगली, आणि एकाने आईला फार आदराने विचारलं, "वहिनी, तुमाला दोन मजले पाणी वाहायचा तरास होत असंल. एखादं पिंप आमच्याकडं ठेवलं तर?" आईने पाण्याने भरलेला तांब्या उचलला तेव्हा ते गेले.

माझी अवस्था काय सांगू. शिकले तर घराचं नाव निघेल म्हणून दादांनी मला कॉलेजात घातलं होतं, आणि पहिल्याच सहामाहीत मी ते असं काढलं होतं. अर्ज वाचायच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी पुन्हा सरांकडे गेले. या वेळी वेलाला आलेली बारीक फुलं नेली आणि जवळजवळ रडतच सगळं सांगितलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"त्या दिवशी तू पूर्ण ऐकलंसच कुठे? त्या देशांत याच्या कोंबांची भाजीच करतात, हे मी सांगत होतो तेव्हा तू दारात होतीस." मग भिंगाखाली फुलं धरून ते खुदकन हसले. "आणि हा नर आहे. बियरला मादीची फुलं लागतात. या वेलापासून सात जन्मांत बियर होणार नाही."

मी नाचत घरी आले. दादा ऐकून घेऊन म्हणाले, "वेल सुटला, बरं झालं. घास माझा आहे." आणि अर्जाची घडी खिशात ठेवली.

परवा माझ्या जावयाने कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर आम्हाला जेवायला नेलं. तिथे मेन्यूकार्डावर एक पूर्ण पान बियरचं होतं, आणि त्यात हॉप्सचं वर्णन एखाद्या देवळाच्या स्थळमाहात्म्यासारखं केलेलं. मी वेटरला विचारलं की याची भाजी मिळेल का. मुलगी म्हणाली, आई, प्लीज. मी मेन्यूकार्ड मिटलं, पण माझ्या तोंडाला लसणाची चव आली होती.

तर तो रविवार. वंदना झाली नाही, आधी सभा. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागत होतं. दादा उभे राहिले आणि आपला गुन्हा ओरडून वाचायला लागले. "मी एक घास जाणूनबुजून गिळला," ते ओरडले. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काय गिळला?" "घास." "कशाचा?" "भाजीचा." "मग बरं केलं की." दादांनी कपाळाचा घाम पुसला. मी उठून सरांचा निकाल सांगितला, वेल नर आहे, याची दारू होत नाही. बायकांच्या बाजूला खसखस पिकली. लीलाबाई म्हणाली, "नर हाय, म्हंजे नुसताच पसरायचा, कामाचा नाय," आणि तिच्या नवऱ्याने छताकडे बघितलं.

मग आई बोलायला उभी राहिली. विहारात ती कधी बोलत नसे. जेवणाचं बघायला बाहेरच असायची.

"मी इचारते. हातभट्टी कशाची लावतात? गुळाची. तांदळाची बी व्हते. मग आधी गूळ बंद करा, भात बंद करा, मग माज्या भाजीला बोला."

"गूळ मी दारूचा म्हणून खाल्ला नाही," दादा म्हणाले.

"भाजी तरी दारूची म्हणून खाल्ली का?"

"तो एक घास खाल्ला."

"एकच तर घास."

यावर दादांनी हातातल्या अर्जाची घडी केली. आणि मग, आयुष्यभर पुस्तकातलं बोलणारे आमचे दादा, आईच्या बोलीत बोलले. "एकच म्हणू नगंस. माजा बा रोज एकच म्हणायचा."

पाऊस तसाच कोसळत होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की एवढे दिवस ते भाजीला घाबरत नव्हते. अर्जातला तो वेगळा परिच्छेद का वेगळा होता तेही कळलं. मला सतराव्या वर्षी हे कळायला सरांचं भिंग लागलं नाही, पण आधी कळायला हवं होतं.

अध्यक्ष भिवामामा, रेल्वेत गँगमन म्हणून रिटायर झालेले, दादांच्याच गावचे. ते काठी टेकून उठले, दादांजवळ गेले आणि कानाशी तोंड नेऊन बोलले, पण पावसामुळे त्यांनाही ओरडावं लागलं, म्हणून ते सगळ्यांनी ऐकलं. "धर्मा, तुजा बा मी बघितला हाय. तो घोट घ्यायला घराभायेर जायचा. तू घास टाकवला नाय म्हणून गिळलास. तुला लहानपणी माज्या घरी जेवताना बघितला हाय मी, ताट चाटायचास. ही दारू नाय रं, ही भूक हाय तुजी जुनी." मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "राजीनामा नामंजूर. फुडल्या रविवारी वंदना ह्योच घेनार. सोनाबाय, फुडल्या रविवारी ती भाजी करू नको."

"का म्हणून?"

"लोकं वंदना सोडून पोटाकडं बघतील."

आईला हा निर्णय अर्धवट वाटला. घरी तिने भाजी करायचं थांबवलं नाही. दादा तेवढी वगळून वरण-भात खात राहिले, आणि सकाळी सतरा नंबरशी उभे राहून, जेलर कैद्याकडे बघतो तसे बघत राहिले. वेलाचं पुढे विशेष काही झालं नाही. आणखी दोन पावसाळे तो टिकला, तिसऱ्यात मुळं कुजली, आणि आईने त्या पिंपांत अळू लावलं. पण ते नंतरचं.

पुढचा रविवार आला. आठवडाभर दादांच्या घशाला काहीतरी झालं होतं, ते मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होते. विहारात त्या दिवशी कधी न येणारीही माणसं आली होती, सी टाइपमधले दोघे तर पहिल्या रांगेत. पाऊस उघडला होता. शेडच्या वळचणीला तीन दगडांवर आईने भाताचं पातेलं चढवलं होतं, कारण वंदनेनंतर सगळ्यांना जेवण होतं, वरण-भात आणि बटाट्याची भाजी, जिच्यावर कुणाला काही बोलता येणार नाही अशी. दादा पुढे बसले, हात जोडले. पहिलं शील दिलं, आम्ही मागून म्हटलं. दुसरं, तिसरं, चौथं. आवाज साधा, नेहमीचा. मग पाचवं आलं आणि दादा थांबले.

घसा खाकरला. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. आम्ही सगळे हात जोडून त्यांच्या शब्दाची वाट बघत होतो, आणि ते मूर्तीकडे बघत होते. भिवामामा खाली मान घालून बसले. अशोकने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, आता हे उठतील, बाहेर जातील आणि पुन्हा कधी इथे बसणार नाहीत. तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला. तिच्या हातात पळी होती, पदर कमरेला खोचलेला, धुराने डोळे लाल. तिने पाचवं शील म्हणायला सुरुवात केली. इतकी वर्षं बाहेर चुलीपाशी बसून ऐकलेलं, पालीतले शब्द तिच्या खालापुरी वळणाचे झालेले, आणि सूर आम्हाला जेवायला हाक मारायचा. सगळ्यांनी तिच्यामागून म्हटलं. दादांनीही म्हटलं, आमच्यासारखंच, मागून, एकेक शब्द. पण ते जरा मागे पडत होते, कारण आई फार भराभर म्हणत होती. बाहेर भात करपायला आला होता.